एप्रिल लागला की पीसी का बोंबलतो? नागपूरच्या उन्हाळ्यातला गेमिंग कॉम्प्युटर

तक्रार दरवर्षी तीच. जानेवारीत मुकाट्याने चालणारा कॉम्प्युटर मार्च संपता संपता घोंघावू लागतो. एप्रिलच्या दुपारी गेम अडखळतो आणि नवतपा, म्हणजे मे अखेरीचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, येईपर्यंत एखाद्या दिवशी मॅच ऐन रंगात असताना स्क्रीन काळी होते. पाऊस पडला की जरा निवांत, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मधल्या काळात कोणी सीताबर्डीच्या बाजारातून आणखी एक पंखा आणतो, कोणी चिप आणि कूलर यांच्यामधली थर्मल पेस्ट बदलतो, कोणी थेट लिक्विड कूलर बसवतो. पुढच्या एप्रिलला त्रास हजरच.

तो जात नाही, कारण दुखणं बहुतेक वेळा कॅबिनेटच्या बाहेर असतं. नागपूरचं कमाल तापमान 23 मे 2013 ला 47.9 अंशांवर गेलं होतं आणि 29 डिसेंबर 2018 ला पारा 3.5 अंशांपर्यंत उतरला होता. पंख्यांच्या एकाच सेटिंगवर हे दोन्ही टोक सांभाळायची अपेक्षा आपण मशीनकडून करतो. कॅबिनेटमधला कोणताही कूलर, हवेचा असो की पाण्याचा, चिपला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. लिक्विड कूलरचा रेडिएटरही शेवटी त्याच खोलीतली हवा ओढतो. खोलीत 38 अंश असतील तर सगळा हिशेब 38 पासून सुरू होतो.

म्हणून पैसे काढण्याआधी एक वजाबाकी करा.

आधी फरक मोजा

एक साधा डिजिटल थर्मामीटर घ्या आणि तो कॅबिनेट जिथून हवा ओढतो तिथे, समोरच्या जाळीजवळ ठेवा. भिंतीवर टांगलेल्याचा इथे उपयोग नाही. कॉम्प्युटरवर एचडब्ल्यूइन्फो हे आतली तापमानं दाखवणारं सॉफ्टवेअर चालू ठेवा, रोजचा गेम अर्धा तास खेळा आणि प्रोसेसर व ग्राफिक्स कार्डच्या तापमानातून जाळीजवळचं तापमान वजा करा. समजा थंडीत खोली 24 होती आणि कार्ड 68, म्हणजे फरक 44. आता खोली 38 आहे आणि कार्ड 82, तरी फरक 44 च. पंख्यांचा वेग साधारण तेवढाच असेल तर या मशीनमध्ये काहीही बिघडलेलं नाही. पेस्ट बदलून, पंखा वाढवून फार तर दोन-तीन अंशांचं समाधान मिळेल. हाच फरक 44 वरून 55 वर गेला असेल तर मात्र धूळ, वाळलेली पेस्ट, सैल झालेला कूलर किंवा बंद पडलेला पंखा यांपैकी काहीतरी नक्की आहे. थंडीतला आकडा लिहून ठेवला नसेल तर यंदा डिसेंबरमध्ये लिहा, पुढे फार कामी येतो.

घाबरायचं कोणत्या आकड्याला, हे चिपवर अवलंबून असतं. एएमडीच्या रायझन 5000 मालिकेतल्या प्रोसेसरची मर्यादा बहुतेक 90 ते 95 अंश आहे. रायझन 7000 मधल्या, नावाच्या शेवटी एक्स असलेल्या चिप पूर्ण भारावर मुद्दाम 95 पर्यंत जातात, त्यांची रचनाच तशी आहे. त्याच मालिकेतल्या एक्सथ्रीडी चिपची मर्यादा 89. इंटेलच्या 12 व्या ते 14 व्या पिढीची 100. एनव्हिडियाची 30 मालिकेतली बरीच कार्डं 83 च्या आसपास आपणहून वेग कमी करू लागतात, आणि दुपारी गेम अडखळतो तो यामुळेच. कार्डाचं हॉटस्पॉट तापमानही, म्हणजे चिपवरच्या सगळ्यात तापलेल्या जागेचं, पाहा. मुख्य तापमानापेक्षा ते दहा-पंधरा अंशांनी जास्त असतंच. तीस अंशांचा फरक दिसला तर कार्डाच्या आतली पेस्ट गेली, असं समजा.

सगळ्याच सेन्सरवर विश्वास ठेवू नका. 2024 च्या मे अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने 56 अंश दाखवले होते, देशभर बातमी झाली, आणि मग हवामान विभागाने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. एचडब्ल्यूइन्फोमध्येही ऑक्सटिन नावाच्या ओळीत 115 किंवा 127 असा आकडा दिसतो आणि पोरं हादरतात. बऱ्याच मदरबोर्डवर त्या जागी सेन्सर लावलेलाच नसतो. कॉम्प्युटर सुरू केल्या केल्या तो आकडा आला आणि खेळताना हललाच नाही, तर खुशाल दुर्लक्ष करा.

आता अचानक बंद पडण्याबद्दल. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत कर्नल-पॉवर 41 अशी नोंद सापडते. तिचा अर्थ एवढाच की मशीन नीट बंद न होता बंद पडलं. कारण ती सांगत नाही. बंद पडण्याच्या क्षणापर्यंतची तापमानं एचडब्ल्यूइन्फोने फाइलमध्ये नोंदवायला लावा. शेवटचा आकडा 98-100 असेल तर उष्णता. शेवटचा आकडा 72 असेल तर संशय पॉवर सप्लायवर किंवा घरातल्या व्होल्टेजवर घ्या. स्वस्त पॉवर सप्लायवर छापलेले वॅट पुष्कळदा 25 किंवा 40 अंशांना मोजलेले असतात, चांगल्यांचे 50 ला. गच्चीखालच्या खोलीत, फरशीवर अंथरलेल्या सतरंजीवर कॅबिनेट ठेवलं की खालून हवा ओढणाऱ्या पॉवर सप्लायचं नाकच दाबलं जातं. दोन विटा किंवा लाकडाच्या पट्ट्या खाली सारल्या तरी पुष्कळ फरक पडतो.

कूलर: मित्र, पण समोर उभं राहू नये असा

नागपुरात उन्हाळा म्हणजे डेझर्ट कूलर, आणि गेमिंग पीसीचं अर्ध भवितव्य तो कूलर कुठे आहे यावर ठरतं. मे महिन्यात बाहेर 44 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असेल तर चांगल्या, नीट भिजलेल्या पॅडमधून येणारी हवा 28-29 अंशांपर्यंत उतरते. पंधरा अंशांची सवलत! एवढं काम कोणताही महागडा हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) करू शकत नाही. पण हाच कूलर जुलैत, 32 अंश आणि 80 टक्के आर्द्रतेत, जेमतेम दोन अंश कमी करतो आणि खोली तेवढी दमट करून ठेवतो. पाऊस सुरू झाला की पंप बंद करा, नुसता पंखा चालू द्या.

मग कॉम्प्युटर कूलरच्या तोंडाशीच ठेवला तर? मानेवाड्याकडच्या एका मुलाने नेमकं हेच केलं होतं. त्याच्या कॅबिनेटचं समोरचं पॅनेल काढलं तेव्हा जाळीच्या भोकांना पांढरी, खरखरीत पुटं चढलेली होती. नखाने खरवडली की पापुद्रे निघत. बोअरच्या पाण्यातले क्षार ते. पॅडमधून उडणारे बारीक तुषार जाळीवर बसत, पाणी उडून जाई, क्षार मागे राही. आतल्या पंख्याच्या पात्यांवर धूळ नेहमीसारखी भुरभुरीत नव्हती, ओली होऊन वाळलेली, जाड नमद्यासारखी झाली होती. ब्लोअरने ती हललीसुद्धा नाही; ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पातं न् पातं पुसावं लागलं. ग्राफिक्स कार्डाच्या मागच्या पट्टीचे स्क्रू गंजलेले होते. मी हे सगळं दाखवत असताना त्याचा प्रश्न: "दादा, समोर अजून एक पंखा लावू का जी?" "आधी टेबल हलव," म्हटलं.

टेबल हलवायचं कुठे? कूलर खिडकीत असेल तर हवेला बाहेर जायला समोरच्या बाजूला दार किंवा दुसरी खिडकी उघडी लागते. घरचे थंडावा जाईल म्हणून दार लावून घेतात, तिथेच घोटाळा होतो. बंद खोलीत हवा दमट होत जाते, कूलर काम करेनासा होतो, आणि पीसीचे तीनशे वॅट त्यात भर घालतात. तीनशे वॅट म्हणजे चालू ठेवलेला छोटा हीटरच, वापरलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीत येते. म्हणून पीसी हवेच्या वाटेवर, पण कूलरपासून दूर, बाहेर जाणाऱ्या दाराच्या बाजूला ठेवा, थेट झोतात येणार नाही असा जरा बाजूला सरकवून. तुषारही लागत नाहीत आणि मागून निघणारी गरम हवा सरळ दाराबाहेर जाते. पश्चिमेच्या खिडकीखाली मात्र नको. चार वाजताचं ऊन कॅबिनेटच्या काचेवर पडलं की वरची सगळी मेहनत वाया.

सगळ्यात वरच्या मजल्यावर राहत असाल तर दुपारपेक्षा रात्र वाईट राहते. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता खाली सोडत राहतो आणि आपले खेळायचे तास नेमके तेच. गच्चीवर चुना मारणं, हिरवी नेट बांधणं, संध्याकाळी पाणी शिंपडणं हे आपल्याकडचे जुने उपाय पीसीसाठीही उपाय आहेत. खोली दोन-तीन अंशांनी उतरली की प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही तेवढेच उतरतात, एकही स्क्रू न उघडता.

कॉम्प्युटर टेबलाच्या त्या कप्प्याबद्दलही बोललं पाहिजे. जुन्या टेबलांना कॅबिनेट ठेवायला तीन बाजूंनी बंद, कधी कधी दार असलेला कप्पा असतो. ऑफिसच्या साध्या मशीनला तो चालून गेला. गेमिंग पीसी त्यात स्वतःचीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढतो. बाहेर काढा, मागे भिंतीपासून वीतभर जागा सोडा.

उष्णता तयारच कमी होऊ द्या

माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात फुकट उपाय हा आहे, आणि आवाजावर याच्याइतका परिणाम दुसऱ्या कशाचाच होत नाही. पंखे ओरडतात कारण वॅट बाहेर काढायचे असतात. वॅट कमी झाले की पंखे आपोआप गप्प.

पहिलं काम, दर सेकंदाला निघणाऱ्या फ्रेमवर मर्यादा घाला. 144 हर्ट्झचा मॉनिटर आहे म्हणून मे महिन्याच्या दुपारी 144 फ्रेम काढल्याच पाहिजेत असं कोणी सांगितलं? कथेच्या गेममध्ये 75 किंवा 90 वर मर्यादा ठेवली तर डोळ्याला फारसं कळत नाही, कार्डाला लगेच कळतं. स्पर्धेच्या गेममध्ये 144 हव्या असतील तर ठेवा, पण मेनूमध्ये बसल्या बसल्या पाचशे फ्रेम काढणाऱ्या गेमला आवरा. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये कमाल फ्रेमरेट एकदा ठरवला की सगळ्या गेमना लागू होतो.

दुसरं, एमएसआय आफ्टरबर्नर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची पॉवर लिमिट 100 वरून 80 टक्क्यांवर आणा. कंपन्या शेवटच्या थोड्याशा वेगासाठी भरमसाट वीज खर्ची घालतात, त्यामुळे वीस टक्के वॅट कमी केले तरी फ्रेम वीस टक्क्यांनी घटत नाहीत, त्यापेक्षा बऱ्याच कमी घटतात. आरटीएक्स 3060 हे 170 वॅटचं कार्ड आहे. 80 टक्क्यांवर ते 136 वर येतं. हौस असेल तर पुढे जाऊन अंडरव्होल्ट करा, म्हणजे चिपला मिळणारं व्होल्टेज कमी करा: व्होल्टेजचा आलेख उघडून 900 मिलिव्होल्टच्या आसपास टिकेल तो वेग पक्का करायचा, पुढची रेषा सपाट. प्रत्येक कार्ड वेगळं वागतं, तेव्हा दोन-तीन वेगवेगळे गेम तासभर चालवल्याशिवाय जमलं असं म्हणू नका.

प्रोसेसर रायझन 5000 किंवा त्यानंतरच्या मालिकेतला असेल तर बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, बहुधा कर्व्ह ऑप्टिमायझर असतो; तो चिपचं व्होल्टेज कमी करतो. सगळ्या कोअरवर उणे 15 पासून सुरुवात करा. 105 वॅटच्या चिपला कमी विजेच्या इको मोडमध्ये 65 वॅटवर आणलं तर गेममध्ये फरक शोधावा लागतो. इंटेलच्या 13 व्या किंवा 14 व्या पिढीची वरची चिप असेल तर अंडरव्होल्टच्या आधी बायोस अपडेट करा. त्या चिपमध्ये जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरता येत होती आणि इंटेलने 2024 मध्ये त्यासाठी मायक्रोकोड (चिपच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) दिला, तो बायोस अपडेटमधून येतो. गेम वारंवार क्रॅश होतो म्हणून उन्हाळ्याला दोष देणाऱ्या काहींचं दुखणं तिथलं निघू शकतं. लॅपटॉपवाल्यांनी विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा 100 वरून 99 टक्के करून पाहावी; बऱ्याच मशीनवर त्याने बूस्ट, म्हणजे आपोआप वेग वाढवणं, बंद होतं आणि तापमान धाडकन खाली येतं.

आता कॅबिनेट उघडा

साइड पॅनेल काढून तोच गेम खेळा. तापमान दोन-तीन अंशांनीच उतरलं तर कॅबिनेटमधला वारा ठीक आहे. आठ-दहा अंशांनी उतरलं तर हवा आत येत नाही आहे. मग फक्त समोरचं पॅनेल काढून पाहा. समोर अखंड काच आणि आत तीन रंगीबेरंगी पंखे, अशी कॅबिनेटं दिसायला झकास असतात. ते पंखे बाजूच्या बोटभर फटीतून श्वास घेतात. अशांवर पंखे वाढवून उपयोग नाही. जाळीचं तोंड असलेलं कॅबिनेट हा माझ्या मते नागपुरात पहिला खर्च असावा, लिक्विड कूलर नंतर. उन्हाळ्यापुरतं पॅनेल काढून ठेवून वर बारीक जाळी लावणारेही आहेत. दिसायला बरं नाही, चालतं मात्र उत्तम.

समोरून दोन पंखे आत, मागून एक बाहेर, बस. आत येणारी हवा थोडी जास्त असली की धूळ फटींमधून न शिरता फिल्टरवर अडकते. लूच्या दिवसांत ते फिल्टर दर पंधरवड्याला धुवा आणि सावलीत पूर्ण वाळवून लावा. कोराडी-खापरखेड्याच्या बाजूला औष्णिक केंद्रांची राख उडते, तिकडे आठवड्याला.

धूळ काढायला मशीन गॅलरीत न्या, छोटा इलेक्ट्रिक ब्लोअर वापरा, आणि पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा; वाऱ्याने ती वेडीवाकडी फिरवली की बेअरिंग जातं. पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरचा मोह टाळा, त्या नळीतून हवेबरोबर पाणी आणि तेलही येतं. हीटसिंक वरून स्वच्छ दिसला तरी त्याचा पंखा सोडवून खाली पाहा. धुळीची गादी पंखा आणि पातळ पत्र्यांच्या मधोमध बसते, बाहेरून दिसतच नाही.

पेस्ट बदलताना एएम4 सॉकेटवाल्यांनी (रायझन 5000 पर्यंतचे डेस्कटॉप प्रोसेसर) एक काळजी घ्यावी. आधी दहा मिनिटं मशीन चालवून गरम करा, मग बंद करून, प्लग काढून, कूलर हळूहळू डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. थंड, वाळलेल्या पेस्टवर सरळ वर ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून कूलरला चिकटून येतो आणि पिना वाकतात. इंटेलच्या डब्यातल्या कूलरच्या चार प्लास्टिकच्या खुंट्या खटकन बसल्या का, हे बोर्डाच्या मागून पाहा. एक जरी अर्धवट राहिली तरी नवीकोरी पेस्टही फुकट.

आवाज

तापमान आटोक्यात येऊनही आवाज राहिला तर तो कुठून येतो ते आधी ठरवा. वर्तमानपत्राची सुरळी करून एक टोक कानाला आणि दुसरं एकेका पंख्याजवळ नेलं की चोर सापडतो. बारीक किणकिण असेल आणि फ्रेम कमी केल्या की थांबत असेल, तर ती कार्डाची कॉइल व्हाइन, म्हणजे विजेमुळे थरथरणाऱ्या कॉइलचा आवाज. पंख्यांचा दोष नाही, फ्रेमची मर्यादा हाच उपाय. टक्-टक् म्हणजे बहुधा पात्याला लागणारी वायर. संथ घुमघुम असेल तर हार्ड डिस्कखाली रबर द्या.

सगळ्यात वैताग आणणारा प्रकार म्हणजे पंखे दर दहा सेकंदांनी भर्रकन चढतात आणि उतरतात. प्रोसेसरचं तापमान क्षणात वीस अंश उडी मारतं, पंखा त्यामागे धावतो. फॅन कंट्रोल नावाचं मोफत सॉफ्टवेअर घ्या किंवा बायोसमध्येच प्रतिसादाला चार-पाच सेकंदांचा उशीर द्या. कॅबिनेटच्या पंख्यांना प्रोसेसरऐवजी ग्राफिक्स कार्डाच्या तापमानावर चालवा. ते सावकाश बदलतं आणि खेळताना खरी उष्णता तिथूनच येते. किती तापमानाला पंखा किती वेगाने फिरावा, याचे आलेख दोन ठेवा. थंडीच्या आलेखात 60 अंशांपर्यंत पंखे जेमतेम फिरू देत. उन्हाळ्याच्या आलेखात ही सपाट पट्टी 72-75 पर्यंत न्या, नाहीतर 38 अंशांच्या खोलीत मशीन ब्राउझर उघडला तरी ओरडत बसेल.

पंख्याचा वेग दुप्पट झाला की आवाज साधारण 15 डेसिबलने चढतो. तसेच दोन पंखे एकत्र चालवले तर वाढ फक्त 3 डेसिबलची. म्हणून 1600 फेऱ्यांवर एक किंचाळणारा पंखा ठेवण्यापेक्षा 800 वर दोन ठेवा, हवा जवळपास तेवढीच मिळते. अर्थात समोर काच असेल तर हे गणित लागू नाही.

लिक्विड कूलर घ्यायचाच असेल तर रेडिएटर वर बसवा, किंवा समोर लावताना त्याचं वरचं टोक पंपापेक्षा उंच राहील असं पाहा. पंप सगळ्यात उंच राहिला तर हवेचे बुडबुडे तिथे जमतात, गुळगुळ आवाज येतो आणि पंप लवकर मरतो. स्वस्त मदरबोर्ड असेल तर आणखी एक अडचण आहे. डब्यातला कूलर खाली फुंकतो तेव्हा बाजूच्या व्हीआरएमलाही, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या मदरबोर्डवरच्या भागालाही, वारा मिळतो. लिक्विड कूलर लावला की तो वारा बंद. प्रोसेसर 65 अंशांवर आणि तरी गेम अडखळतो, अशी तक्रार त्यातून निघते. अशा वेळी सॉकेटच्या वरच्या बाजूला एक छोटा पंखा व्हीआरएमकडे तोंड करून बांधा, किंवा लिक्विड कूलर विकून बरा टॉवर कूलर (उभ्या हीटसिंकचा, हवेवर चालणारा) घ्या. तीन-चार हजारांचा टॉवर कूलर आणि इको मोडवरची चिप यांना नागपूरचा मे महिना झेपतो.